समासातलं मांजर

ब्लॉकच्या कचेरीतला तो कारकून सायकलवरून आमच्या नवेगाव बांधला येई. सरकारने घरोघर बिनधुराच्या नव्या चुली बसवल्या होत्या, आणि त्या बायांना कशा वाटतात हे लिहून न्यायचं त्याचं काम होतं. प्रत्येक बाई "बरी हाये" म्हणे. तो ते लिहून घेई, चुलीत एकदा डोकावे आणि कधी कधी कागदाच्या समासात पेन्सिलने एक मांजर काढी.

मी शाळामास्तर, माझं अक्षर बरं, म्हणून कागद उतरवून द्यायला तो माझ्याकडे आणी. एकदा मी विचारलं, "हे मांजर कशाला?"

"गुरुजी, बाई सरकारचा मान राखते. मांजर कायले राखन? चूल थंडी असन, तरच थे तिच्यात झोपते."

पुढचाच कागद माझ्या घरचा निघाला. "उत्तम" असं मीच लिहून दिलं होतं. समासात मांजर होतं, चांगलं लठ्ठ.

तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, भात शिजवाचा गंज बसते का हिच्यावर?"

"कुठं बसते? तोंड लहान हाये तिचं," ती म्हणाली. मी हे कधी विचारलंच नव्हतं.

चुलीचं तोंड त्याने मोठं करून दिलं. मांजराने दुसरी जागा शोधली. पण पुढे तो भेटला आणि "कसं काय, गुरुजी?" म्हणाला, की "उत्तम" माझ्या ओठांवर येऊन अडे, कारण त्याची नजर तोवर माझ्या मागे काहीतरी शोधू लागलेली असे.