रिकाम्या डिशमधली चमक

प्रयोगशाळेत तिला सगळे काचमावशी म्हणत. अठ्ठावीस वर्षं तिने तिथल्या काचा धुतल्या. बाटल्या, नळ्या, आणि जिवंत पेशी ज्यांच्यावर वाढवतात त्या नखाएवढ्या पातळ चकत्या. आता धुवायचं तर कुणीही धुवेल हो! पण मावशी धुतलेली चकती उघड्या बोटांच्या चिमटीत धरून हलकेच चोळायची. काच चुरचुरली तर स्वच्छ, बोट सटकलं तर पुन्हा साबण. हातमोजे घालून हे कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं. हातमोज्यांच्या नियमाचा कागद बेसिनवर चिकटवलेला होता, आणि मावशी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

दुपारी काम आटोपलं की ती मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन काडीशेजारी स्टुलावर बसायची. काडी म्हणजे तिथे पीएचडी करणारी पोरगी. जेवायची शुद्ध नसायची, म्हणून हे नाव मावशीनेच ठेवलेलं. काडीने चार वर्षं खपून एक प्रोब, म्हणजे खूण दाखवणारा रंग, बनवला होता. पेशीत सोडला की तो गुपचूप पडून राहायचा, आणि जस्ताचा कण भेटला की हिरवा उजळायचा. पेशीत जस्त कुठे आहे, किती आहे, ते असं बसल्या जागी दिसायचं.

पडद्यावर आधी नुसता काळोख. मग एक हिरवा ठिपका, मग दुसरा, मग कितीतरी. पंपाची एकसुरी घरघर चालू असायची, गार हवा पायांवर यायची, आणि मावशीचे डोळे जड व्हायचे. तिला वाटायचं, आपण त्या पेशीत उतरलोय. अंधाऱ्या गल्लीतून चाललोय, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत कुणीतरी एकेक दिवा लावतंय. पुढे तिचा नवरा चाललेला असायचा, स्वतःच्या पायांनी, खांद्यावर शिडी घेऊन. ती हाक मारायची नाही. मागून चालत राहायची फक्त.

नवरा रंगारी होता. आठ महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. प्रयोगशाळेत हे कुणाला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे "बिच्चारी" म्हणून बघायला लागले असते, आणि ते मावशीला मुळीच खपलं नसतं.

गेले तीन आठवडे मात्र काडीचं बिनसलं होतं. पेशींच्या चकत्या ती छोट्या डिशमध्ये ठेवायची, आणि त्यातल्या एका डिशमध्ये पेशींना मुद्दाम जस्त मिळू द्यायची नाही. ती रिकामी डिश. ती काळीच राहायला हवी, तरच बाकीच्या डिशमधली चमक खरी. आणि ती मेली लखलखत होती! काडीचे गाईड सर म्हणाले, "सोमवारपर्यंत ही डिश काळी दाखव. नाहीतर हा प्रोब सोडून दे आणि नवा बनवायला घे." काडी खोलीत येऊन ढसाढसा रडली. "चार वर्षं पाण्यात गेली, मावशी." मावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी रोजच्यासारखी नवऱ्याच्या पाठीला मलम लावत होती. तीन आठवड्यांपूर्वी पडून पडून पाठीला जखमा झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी हे पांढरं मलम दिलं होतं.

"पहिला हात झाला," भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला. "सुकू दे, मग दुसरा मार. आणि कडा सोडू नकोस, गिऱ्हाईक ओरडेल."

"गिऱ्हाइकाला म्हणावं, गप्प पड." हसत हसत तिने ट्यूबचं टोपण लावलं आणि सहज वर छापलेलं वाचलं. झिंक ऑक्साइड. झिंक म्हणजे जस्त, एवढं अठ्ठावीस वर्षांत तिलाही कळत होतं.  तिने साबणाने दोनदा हात धुतले. पाणी बोटांवरून थेंब थेंब होऊन घरंगळत होतं, नखांच्या कडा पांढऱ्याच, म्हणजे मलम गेलंच नव्हतं. याच बोटांनी ती काच चोळत होती! चकत्या नंतर भट्टीत भाजायच्या, पण भाजून जंतू मरतात, जस्त कुठलं जातंय?

वाटभर ती स्वतःशीच भांडत होती. गुपचूप हातमोजे घातले तर? डिश काळी होईल, कुणाला काही कळणार नाही. पण काल चमकणारी डिश आज काळी का, हे काडी सरांना काय सांगेल? लहरी प्रोबवर कोण विश्वास ठेवणार? सांगायलाच हवं होतं, आणि सांगायचं तर घरातलं सगळंच सांगावं लागणार होतं.

तिने सांगितलं. बेसिनपाशी उभं राहून, एका दमात, काडीकडे न बघता.

 काडीने दोन चकत्या घेतल्या, एक स्वतः धुतली, एक मावशीला नेहमीसारखी चोळायला दिली. दोन दिवसांनी दोघी अंधारात बसल्या. मावशीची चकती हिरवीगार. काडीची काळी, पण तिच्यावर पेशी धड चिकटल्याच नव्हत्या, कारण काच नीट धुतलेलीच नव्हती.

"तुम्ही घरी हातमोजे घालून मलम लावा ना, मावशी."

"नवऱ्याच्या पाठीवरून रबर फिरवू? दिवसभरात त्याला माझ्याच हाताचा काय तो स्पर्श होतो, बाई."

"मग इथे घाला."

"इथे घातले तर काच कळत नाही." मावशी स्टुलावरून उठली. मग म्हणाली, "चल, ऊठ. बाह्या वर कर. तुलाच शिकवते."

शनिवार-रविवार काडीने शेदीडशे चकत्या धुतल्या. मावशी हात मागे बांधून नुसती ऐकत होती. "सटकलं. पुन्हा. अगं घाई कसली? हां, आता चुरचुरली बघ." काडीच्या चुरचुरीत चूक सापडेना, तेव्हा मावशीला आनंद झाला, आणि तिने मागचे हात अधिकच घट्ट बांधून घेतले.

सोमवारी सरांनी रिकामी डिश कितीतरी वेळ पाहिली. "काहीच दिसत नाही," ते म्हणाले, आणि खुशीत हात चोळले. काडीने शेजारच्या डिशमध्ये जस्ताचा थेंब सोडला. दिवे लागत गेले. मावशी दारातूनच बघून बाटल्या धुवायला गेली.

मंगळवारी सकाळी ती मलम लावत होती, सावकाश.

"आज निघायची घाई नाही?" नवऱ्याने विचारलं.

"चकत्या आता काडी धुते. मला बाटल्याच." मग तिने त्यालाही सगळं सांगितलं.

 "माझ्या पाठीपायी गेलं म्हणायचं तुझं काम. वाईट वाटतं का गं?"

आठ महिने ती याच्यासमोर हसतच वावरली होती. आजही काहीतरी थट्टा तोंडाशी आली होती, पण ती निघेना.

"वाटतं हो," ती म्हणाली. "फार वाटतं." आणि तिला हुंदका आवरला नाही.

त्याला कूस बदलता येत नव्हती. त्याने हात मागे नेला, चाचपत चाचपत तिची मलमाने माखलेली बोटं शोधली आणि घट्ट धरून ठेवली.