साहेबांच्या आवाजात सरकलेली हद्द

शाळेत हेडसरांचा आवाज काढून मी भरपूर छड्या खाल्ल्या. कराडहून कोलकात्याला नोकरीला आलो, तरी खोड काही जाईना. आमचं ऑफिस नकाशे बनवतं. तेव्हा एका जिल्ह्याचे दोन जिल्हे करायचं काम आलेलं. कुठलं गाव कुणीकडे जाणार, ते यादी बघून आखायचं.

शेजारच्या टेबलावर बराकपूरहून येणारे दादा. पन्नाशी उलटलेली, नोकरी कंत्राटावर, साहेबांना जाम टरकायचे. एका दुपारी मी बाहेरच्या रिसेप्शनवरून त्यांना इंटरकॉम लावला. आधी साहेबांसारखं दोनदा खोकलो. मग त्यांच्या त्या बंगाली-हिंदीत, "शोनो, नदीपलीकडचं ते गाव पण नव्या जिल्ह्यात घ्या. आत्ताच. बुझले?"

"जी सर, जी सर."

आत जाऊन तो मीच होतो म्हणून टाळी द्यायची होती. तेवढ्यात खऱ्या साहेबांनी मला खिदिरपूरला पिटाळलं, गोदीतून नदीचे नकाशे आणायला. मी विसरलो.

सकाळी येऊन बघतो तर भिंतीवर नकाशा छापून लावलेला. हद्द नदी ओलांडून पलीकडे गेलेली.

"दादा, ही रेघ अशी का?"

"साहेबांचा फोन होता रे. तू नव्हतास." खाली कोपऱ्यात त्यांची सही.

तीन वाजता साहेब तो नकाशा घेऊन सरकारी मीटिंगला जाणार होते. तिथे चूक निघाली तर दादा घरी. नाही निघाली तर त्या गावातली माणसं साध्या दाखल्यासाठीही नदी ओलांडायला होडीत बसणार. आणि मी बोललो, तर मी घरी.

बाथरूममध्ये आरशासमोर उभा राहून वाक्य घोकलं. जगाचे आवाज काढणारा मी, माझाच आवाज फुटेना. अडीच वाजले. केबिनमध्ये गेलो आणि एका दमात सांगून टाकलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "काढ माझा आवाज."

"सर, नको ना..."

"काढ."

मी खोकलो. ते हसले नाहीत. इंटरकॉम उचलून त्यांनी दादांना हद्द मागे घ्यायला सांगितलं. काचेतून दिसलं, दादा फोनवरसुद्धा उभे राहिले होते.

"त्यांची नोकरी जात नाही. आता त्यांना तू सांग," साहेब म्हणाले. "तुझ्या आवाजात."

दादा रेघ पुसत होते. "साहेबांनी परत बदललं बघ."

"दादा, काल खोकलो तो मी होतो."

माउसवरचा हात थांबला. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "माझी नोकरी?"

"आहे."

"नक्की?"

"नक्की, दादा."

त्यांनी नवा नकाशा छापायला टाकला.

माझीही नोकरी राहिली, कशी ते साहेबांनाच ठाऊक. पण अजून इंटरकॉम वाजला की दादा आधी मान वळवून मी खुर्चीत आहे का बघतात. मग रिसीव्हर उचलतात.