पळीभर तीर्थ

कामरगावच्या पंचफुलाला गोड बोलता आलं असतं तर आज तिच्या हाताखाली चार बाया असत्या. पण तोंड पहिल्यापासून तिखट. वांगी तोडून कारंज्याच्या बाजारात न्यायची, तेव्हाही गिऱ्हाइकानं वांगं दाबून पाहिलं की त्याचा हात झटकायची. मग सासूनं अंथरूण धरलं. पंचफुलानं तिला आडवीच ठेवून पातळ वरण पाजलं, अगदी मायेनं पाजलं. आठव्या दिवशी म्हातारी गेली. वरण छातीत उतरलं होतं, हे तिला वर्षानंतर कळलं. घरोघरी जाऊन आजारी माणसं सांभाळणाऱ्या बायांच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या ताई समजावून सांगत होत्या. पंचफुला वर्गातून उठून बाहेर गेली, अन् परत आली ती कायमची चिडूनच.

त्यानंतर अकरा घरं झाली. चार घरांनी तिला हाकललं, पण एकाही घरात तिनं सांभाळलेल्या माणसाच्या पाठीला पडून पडून जखम झाली नाही.

इंझोरीचे बबनराव हे बारावं घर. चाळीस एकरांचे मालक. लकव्यानं उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळायची ताकद अर्धीच उरली. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की टेकवून बसवल्याशिवाय काही भरवू नका, पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करूनच द्या. पंचफुलानं ती चिठ्ठी उशाशी भिंतीला चिकटवली. घरातल्या कोणी ती वाचली नाही.

बबनरावांची बायको चतुराबाई पूजा आटोपली की ओल्या हातानं पळीभर तीर्थ घेऊन यायची आणि आडव्या नवऱ्याच्या ओठांत सोडायची. बबनराव ठसकायचे, त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. ही पदरानं त्यांचं तोंड पुसून समाधानानं निघून जायची.

"काकू, बसवून देत जा. अन् त्यात चिमूटभर पावडर टाकू द्या," पंचफुला म्हणाली.

"माह्या देवाच्या तीर्थात पीठ कालवतं काय? तीर्थ कोनाले बाधलं आजवर?"

"पानी ते पानीच. छातीले काय समजते, देवाचं कोनतं अन् माठातलं कोनतं?"

झालं, तिथून दोघींचा उभा दावा. चतुराबाई तिच्या पोळ्या मोजू लागली, चहाचा कप वेगळा ठेवू लागली, तिला 'मास्तरीन' म्हणू लागली. पंचफुलाही काही देवमाणूस नव्हती. पूजेची घंटा वाजली की ती खोलीला आतून कडी घालायची. घरच्या मालकिणीच्या तोंडावर!

एकादशीला ती लघवीचं भांडं रिकामं करायला मागच्या दारी गेली आणि चतुराबाईनं डाव साधला. सण म्हणून एक नाही, तीन पळ्या. पंचफुला धावत आली तेव्हा बबनराव काळेनिळे पडले होते. तिनं त्यांना उठवून पुढं वाकवलं, पाठीवर थापा मारल्या. श्वास परत आला. मग तिनं चतुराबाईच्या हातातली पळी हिसकावली आणि अंगणात भिरकावली.

बबनराव वाचले, हे कोणी बोललं नाही. पळी फेकल्याचं मात्र गावभर झालं.

बबनरावांचा मुलगा स्वप्निल, त्यानं पंचफुलाला पाठवणाऱ्या एजन्सीला फोन लावला. पोहरादेवीच्या यात्रेत गाड्या अडकल्या होत्या म्हणून एजन्सीचा रविकांत तिसऱ्या दिवशी उगवला. हातात तपासणीचा कागद. अॅप्रन स्वच्छ, बरोबरची खूण. नखं कापलेली, खूण. वेळेवर हजर, खूण. वर्तणुकीपाशी पेन थांबला.

"पळी फेकली तू?"

"फेकली. आधी ते भिंतीवरची चिठ्ठी वाचा."

"चिठ्ठी दवाखान्याची. आपला फॉर्म येगळा. काकूची माफी माग, मिटवून टाकू."

"ठसका लागला तं ह्या कागदावर कुठं लिवू? दाखवा मले रकाना."

"तसा रकाना नाई."

नखांना रकाना आहे, श्वासाला नाही. असल्या कागदांच्या जोरावर हे लोक माणसं सांभाळायला निघालेत!

"माफी नाई मागत," पंचफुला म्हणाली. "काकू, म्या असंच आडवं पाजून माही सासू घालवली. तुमी मालकाले घालवू नोका."

चतुराबाई भडकली. "वंगाळ बोलते मेली! साहेब, तुमच्या डोयानं पाहा, काही होत नाई." तिनं पळी भरून आणली आणि नवऱ्याच्या ओठांना लावली.

बबनरावांनी दात घट्ट आवळले आणि होती नव्हती ती ताकद लावून तोंड भिंतीकडे फिरवलं. तीर्थ कानामागून उशीत गेलं.

पन्नास वर्षांत हा माणूस तीर्थ घेतल्याशिवाय कधी शेतात गेला नव्हता. चतुराबाईचा चेहरा एकदम म्हातारा झाला. क्षणभर वाटलं, आता हिला कळेल. पण पुढच्याच श्वासाला ती किंचाळली, "पाह्यलं? हिनं माह्या मानसाले देवापासून तोडलं! आत्ताच्या आत्ता काढा हिले!"

स्वप्निलनं सगळं पाहिलं होतं. तो मोबाइलमध्ये बघत राहिला. रविकांतनं 'उद्यापासून दुसरी बाई' असं लिहिलं आणि सही केली.

पंचफुलानं पिशवी भरली. जाताना बबनरावांच्या मानेखाली आणखी एक उशी सारली. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं ते सोडेनात. तिनं एकेक बोट उचलून हात सोडवला.

"मालक, मी चालली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तोंड असंच मिटून ठेवजा. ह्या घरात आता तुमाले तुमीच आहा."