डाव्या हाताची लावरी

औंढ्याच्या बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. रविवारच्या बैठकीसाठी आकृत्यांच्या एका कागदाच्या वीस प्रती काढायला दिल्या होत्या आणि मशीन घरघरत एकेक कागद बाहेर टाकत होतं. तेवढ्यात कविताचा फोन आला. "सर, याडी गेली," एवढंच ती म्हणाली. बंजारा घरात आईला याडी म्हणतात. सकाळी चहा पिऊन ओसरीवर बसल्या होत्या, बसल्या जागी मान कलली... दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ दिला नाही. माझ्या तोंडाकडं बघून दुकानदारानं विचारलं, "सर, मशीन बंद करू का?" मी नको म्हणालो. त्या आकृत्यांमध्ये काढलेला हात त्यांचाच होता. तो माझ्यासमोर एकामागून एक बाहेर येत राहिला आणि वीसच्या वीस प्रती पुऱ्या होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

त्या गोष्टीला आता महिना होत आला. शेवंताबाई राठोड हे त्यांचं नाव आमच्या पंचक्रोशीत फार थोड्यांना ठाऊक असेल. सगळ्यांच्या त्या राठोड सिस्टर. तीस वर्षं त्यांनी आरोग्य उपकेंद्रात नोकरी केली. तांडे, वस्त्या, शेतांतले आखाडे पायी तुडवले, बाळंतपणं केली, लेकरांना लसी टोचल्या. पण मी लिहायला बसलोय ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल. कागदाच्या घड्या घालण्याच्या कलेबद्दल. एका चौकोनी कागदातून, न कापता, न चिकटवता, नुसत्या घड्या घालून पक्षी, प्राणी, फुलं करायची. ओरिगामी म्हणतात तिला. ही कला आमच्या भागात आणली मी, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. मी ती आणून कपाटात कोंडून ठेवली होती. कुलूप उघडलं ते सिस्टरनी.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तांड्याला लागून असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होतो. त्या दिवशी लसीकरण होतं. शाळेत नुसता आकांत चाललेला. एक पोरगी तर खिडकीच्या गजाला मिठी मारून बसली होती, दोन बाया ओढत होत्या तरी सुटेना. सिस्टरनी सगळ्यांना बाजूला केलं, लसीच्या खोक्यातलं माहितीपत्रक काढलं, फाडून चौकोन केला आणि पोरीसमोर बसून त्याचा बेडूक करायला घेतला. पोरीचं रडणं थांबलं. पण बेडूक काही उडी मारीना. मी दारात उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "सिस्टर, मागच्या पायाची घडी चुकली तुमची." त्यांनी वळून पाहिलं, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मंग तुमी करून दाखवा ना." मी घडी दुरुस्त केली. बेडकानं टुणकन उडी मारली, पोरगी हसली, आणि हसता हसता तिला सुई टोचून झालीसुद्धा. त्या मात्र माझ्याकडंच बघत होत्या. "सर, अजून काय काय येतं तुमाला?"

संध्याकाळी त्या आपल्या शाळकरी पोरीला, कविताला, घेऊन माझ्या घरी हजर. मी काचेचं कपाट उघडून दाखवलं. परभणीला डी.एड. करताना जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक फाटकं पुस्तक सापडलं होतं, तेव्हापासून मी हा छंद एकट्यानं जपला होता. बगळे, हत्ती, कासवं, शंभर-दीडशे नग. पुण्याहून मागवलेला खास कागद. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता कौतुक होणार. तर म्हणाल्या, "हे कुणाकुणाला शिकवलं?"

"कुणाला नाही. कुणी विचारलंच नाही कधी."

"लोकायला ठाऊक असल तं विचारतील ना! येवढं सगळं येतं, आन् काचंत कोंडून ठेवलं... काहून?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. मास्तर असून कागदाची चिमण्या-पाखरं करतो म्हणून लोक हसतील, ही एक. आणि दुसरी जरा लाजिरवाणी. आख्ख्या जिल्ह्यात हे मला एकट्यालाच येतं, याचा मला आतून फार अभिमान होता.

पुढच्या रविवारी तांड्यावरच्या देवळाच्या सभामंडपात त्यांनी सतरंजी अंथरली आणि मला बोलावणं धाडलं. पाच माणसं आली होती. त्यातले दोघं शेवटपर्यंत टिकले आणि आमचे जिवलग झाले. एक नजीरभाई, वारंगा फाट्यावर ट्रकच्या टायरांचं दुकान चालवणारे. त्यांची बोटं काळी आणि राकट, पण घडी अशी बराबर बसवायचे की दोन टोकांत केस मावणार नाही. दुसरे संभाबा, मेंढरं-बकऱ्या राखणारे, सत्तरीला टेकलेले. ते रानात पळसाच्या पानावर सराव करायचे. सिस्टरनी पहिल्याच दिवशी नेम घालून दिला. जे शिकलं ते पुढच्या रविवारपर्यंत एका तरी माणसाला शिकवून यायचं. "न्हाई शिकवलं तर नवी घडी भेटणार न्हाई," असं बजावायच्या आणि खरंच अडवायच्या. मलासुद्धा एकदा अडवलं होतं! कागदाचाही बाऊ नव्हता. जुनं कॅलेंडर, वहीची पानं, किराणा बांधून आलेला खाकी कागद, काहीही चालायचं. वर्षाच्या आत रविवारी सभामंडपात पाय ठेवायला जागा नसायची. बाया भाकरी बांधून शेजारच्या गावाहून यायच्या. माझं काचेचं कपाट हळूहळू रिकामं झालं. ज्याला जे शिकायचं तो ते उचलून न्यायचा, घड्या उलगडून बघायचा. पहिला हत्ती उलगडला गेला तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं होतं. शेवटचा मी स्वतः उलगडून दिला.

मग त्या निवृत्त झाल्या, आणि सहाच महिन्यांत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला, हात आला नाही. मी भेटायला गेलो तर खाटेवर चुरगळलेल्या कागदांचा ढीग पडलेला. मी समजूत घालायला म्हणालो, "सिस्टर, तुम्ही आता आराम करा. रविवारी या, बसून नुसतं बघा." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की तो शब्द मला परत गिळावासा वाटला. "सर, मी बघ्यातली न्हाई," त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. तीन महिने त्यांनी कुणालाच भेटू दिलं नाही. रविवार चालू होते, पण आमचे हात नुसते चालत होते. त्यात जीव नव्हता.

शेवटी संभाबा न विचारता आत घुसले. खाटेशेजारी जमिनीवर बसून आपल्या संथ आवाजात म्हणाले, "बाई, माही एक बकरी तीन पायावं चरती. कळपात तिचंच पोट सगळ्यात आधी भरतंय बघा." कविता सांगते, याडी त्या दिवशी तीन महिन्यांनी पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी कागद दुमडायला पाट मागवला.

डाव्या हातानं कागद दुमडायचा म्हटलं की कागद सरकतो. तो धरून कोण ठेवणार? कवितानं लोखंडी वजन दिलं, नजीरभाईंनी टायरच्या रबराचा तुकडा आणला. काही जमेना. मग एके दिवशी सिस्टरनी डाव्या हातानं आपला निर्जीव उजवा हात उचलला आणि कागदावर ठेवून दिला. "तुला काम होत न्हाई ना, मंग नुसता बसून तरी राहा!" असं त्या त्याला रागानं म्हणाल्या. आणि तो बसून राहिला. कागद हलला नाही. डाव्या हातानं त्यांनी कोपरा उचलून कोपऱ्यावर आणला, अंगठ्याच्या कडेनं घडी दाबली. सरळ, स्वच्छ घडी! पुढचे आठ महिने त्या एकच काम करत होत्या. पुस्तकातले पक्षी दोन हातांसाठी बनलेले. एका हातासाठी पक्षी नव्हता, म्हणून त्यांनी तो नव्यानं घडवला. आठ महिन्यांत किती कागद गेले याला मोजदाद नाही. आम्ही मदतीला हात पुढं केला की त्यावर चापटी बसायची. एका दुपारी कविता धावत शाळेत आली, "सर, याडीनं बोलावलंय." मी गेलो. पाटावर एक लहानखुरा, गोल पोटाचा पक्षी बसला होता, मान किंचित वळवून. ज्वारीच्या धाटांतून भुर्रकन उडणारी लावरी असते ना, हुबेहूब ती. जगातल्या कुठल्याच पुस्तकात ती नव्हती. सिस्टरच्या कपाळावर घाम होता आणि डोळे असे चमकत होते की... मी पुढं काही लिहीत नाही.

त्याच वर्षी पुण्यात कागदाच्या घड्या घालणाऱ्यांचं मोठं संमेलन भरणार होतं. आम्ही पत्र धाडलं आणि चाळीस मिनिटांची वेळ मिळाली. परभणीहून रेल्वेनं आम्ही चौघं निघालो. संभाबा आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला. सभागृहात पाऊल टाकलं आणि बघतो तर काय! दोन-दोनशे घड्यांचे ड्रॅगन, खवल्याखवल्याचे मासे, कागद असा की हात लावायची भीती वाटावी. संयोजकांनी सिस्टरचा लोंबता हात पाहिला आणि आपुलकीनंच म्हणाले, "मावशी, तुम्ही खुर्चीवर बसा. सर करून दाखवतील." मला, खोटं कशाला बोलू, जरा हायसं वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "सर बोलतील. शिकवणार मी."

काठी टेकत त्या मंचावर गेल्या. माईक मी धरला. "सगळ्यायनं उजवा हात कागदावर ठेवा," त्या म्हणाल्या. "ठेवला? आता तो झोपला. मी सांगेस्तोवर उठवायचा न्हाई." सभागृहात हशा पिकला. पाच मिनिटांत तो थांबला. ज्यांची नावं त्या जगात आदरानं घेतात अशा माणसांचे कागद सरकायला लागले, घड्या वाकड्या जायला लागल्या. कुणी चोरून उजवं बोट हलवलं की सिस्टर मंचावरूनच दटावायच्या, "ओ दादा, तुमचा हात जागा झाला!" मग त्या खाली उतरल्या आणि ओळीओळीतून फिरायला लागल्या. नजीरभाई आणि संभाबा दोन बाजूंनी. पहिल्या रांगेत एक वयस्क गृहस्थ होते, त्यांच्या पुस्तकांवरून मी शिकलो होतो. त्यांचा तिसरा कागद वाया गेला होता, चेहरा लाल झाला होता. सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. "घाई नका करू. कागद कुठं पळून जात न्हाई. अंगठा आडवा करा... आसं. व्हय, आसंच." आणि त्या गृहस्थांच्या हाताखाली लावरीनं मान वळवली. ते एखाद्या लेकरासारखे ओरडले, "जमलं!"

चाळीस मिनिटांचा सव्वा तास झाला, कुणी घड्याळ दाखवलं नाही. शेवटी टेबलाटेबलांवर लावऱ्याच लावऱ्या बसल्या होत्या, जणू ज्वारीचं रानच. त्या गृहस्थांनी उभं राहून विचारलं, "बाई, या पक्ष्याचं नाव काय ठेवलंत?" सिस्टर म्हणाल्या, "पाखरू लावरीचं. पण डाव्या हातानं झालं... मंग डावरी म्हणा!" आख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. नजीरभाई उपरण्यानं डोळे पुसत मला म्हणाले, "सर, सिस्टरने तो मैदान मार लिया." परतीच्या गाडीत सिस्टर मात्र एकाच विचारात होत्या. हे दवाखान्यात लकव्याच्या माणसांपर्यंत कसं न्यायचं?

त्यासाठी मी त्या आकृत्या काढायला बसलो. सुबक अक्षरात वर त्यांचं नाव घातलं. त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "नाव बारीक करा, सर. हात कसा धरायचा ते मोठं काढा." ते कागद मग कुठं कुठं गेले. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी मागवले, दूरच्या शाळांनी मागवले, कुणी कुणी डावरीचे फोटो पाठवले. सिस्टर प्रत्येक फोटो जवळ धरून बघायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "ह्यानं पुढं कुणाला शिकवलं का?"

तेरावा झाल्यानंतरच्या रविवारी सभामंडपात जाऊ की नको, असं मला झालं होतं. गेलो तर सगळे आधीच आले होते. सतरंजी अंथरलेली, पण कुणी कागदाला हात लावत नव्हतं. नजीरभाई खांबाला टेकून बसलेले. तेवढ्यात पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. साखऱ्याहून दोन बस बदलून आली होती. उजवा हात पदराखाली झाकलेला. मळणीयंत्रात तिची बोटं गेली होती. तिला कुणीतरी झेरॉक्सचा कागद दिला होता, तो घडी करून तिनं आणला होता.

"राठोड सिस्टर हितंच भेटत्यात का?" तिनं विचारलं.

मी उठायला लागलो, पण त्याआधी कविता उठली होती. अंगणवाडी चालवणारी ही पोरगी इतकी वर्षं आईच्या मागं नुसती बसून असायची. शिकवायला कधी पुढं आली नव्हती. ती पायरीपर्यंत गेली, त्या बाईचा हात धरून तिला आत आणलं, सतरंजीवर बसवलं आणि समोर बसली. "मी त्यायची पोरगी. आई न्हाई आता... पण तुमी बसा, ताई. आदी ह्यो हात पदराभायेर काढा."

बाईनं भीतभीत हात काढला आणि कागदावर ठेवला. आम्ही सगळे सरकत सरकत जवळ आलो. दोनदा कागद फाटला. तिसऱ्यांदा घडी बसली. दोन तास लागले, पण लावरीनं मान वळवली. जरा तिरकी होती, तरी उभी राहिली. बाई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. मग डाव्या हाताच्या पाठीनं डोळे पुसून म्हणाली, "अजून एक कागद द्या ना, ताई. घरी सासू पडून हाय लकव्यानं... तिला शिकवते."

कवितानं एक नाही, आख्खी चळत तिच्यापुढं सरकवली.