घड्याळ ओळखणारा माणूस

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. वाशीच्या मार्केटात जिन्याखाली दुकान, अडतीस वर्षं तेच. सिताराम घड्याळवाले म्हणून विचारलंत तर एपीएमसीतला कांदेवालासुद्धा पत्ता सांगेल. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा एक टोला ऐकून कंपनी सांगणारा माणूस. डायलवरचं नाव वाचून कोणी फुशारकी मारली की चिडतात. म्हणतात, "ते विकणाऱ्या दुकानाचं नाव हो. बनवणाऱ्याचा छाप आत असतो, मागच्या पितळी पत्र्यावर." घरात मात्र मीठ कुठल्या डब्यात असतं ते ह्यांना अजून ठाऊक नाही, आणि त्यावरून मी रोज बोलते.

बोलायचे, म्हणजे. फेब्रुवारीपासून बोलणं कमी केलंय, कारण मला भीती वाटायला लागलीय. ह्यांचे थोरले भाऊ हौसेराव गावी होते. शेवटची तीन वर्षं स्वतःच्या बायकोला, आमच्या काशीवहिनीला विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" वहिनी हसून म्हणायची, "तुमच्याकडेच." मग मोरीत जाऊन रडायची. मी डोळ्यांनी पाहिलंय ते. म्हणून ह्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला त्या दिवशी मी आरडाओरडा केला नाही, गुपचूप पुसून दिला. दुसऱ्या दिवसापासून गुडघे दुखत असताना डबा घेऊन दुकानात बसायला लागले.

"पाळत ठेवतेस काय माझ्यावर?" हे म्हणाले.

"घरी टीव्ही बिघडलाय," मी म्हटलं.

मागच्या मंगळवारी अकराच्या सुमाराला कोपरखैरणे गावातली नमिता आली. चादरीत गुंडाळलेलं घड्याळ तिने टेबलावर ठेवलं, चादर सोडली. लांब लाकडी पेटी, डाव्या खांबाला तळाशी टवका उडालेला. मला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही, पण हे घड्याळ मी ओळखलं. दिवाळीच्या आधी तिचे सासरे कान्हाशेठ ते स्वतः घेऊन आले होते. हे चार दिवस त्याच्यावर बसले होते. मी डबा द्यायला गेले की मला बॅटरी धरायला लावायचे. जेवतानासुद्धा तेच पुराण, जुंघान्स कंपनी अशी आणि जुंघान्स कंपनी तशी.

"काका, सासरे मार्चमध्ये गेले," नमिता म्हणाली. "त्यांना सगला माहीत होता. आमी कधी विचारलाच नाय. आता माझा नवरा, दिपेश, म्हणतो, कंपनी आनि मॉडेल लिहून ठेवू, मग ठरवू विकायचं का ठेवायचं. तुमी सांगाल ना?"

"सांगतो की. त्यात काय," हे म्हणाले. जन्मात पहिल्यांदा बघावं तसे घड्याळाकडे बघत होते.

मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "अगं, म्हणजे कान्हाशेठची सून तू? अहो, ते पांढऱ्या टोपीचे कान्हाशेठ. दुकानात बसून तंबाखू मळायचे ते."

"असतील. माझी नाही ओळख."

ह्यांनी काटा फिरवला, टोला ऐकला. कपाळाला आठ्या. "गुस्ताव बेकर," म्हणाले, भलत्याच कंपनीचं नाव. मग, "नाही, थांबा." पुन्हा ऐकला, डोळे मिटून. असं दोनदा ऐकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नाव माझ्या जिभेवर होतं. पण गिऱ्हाइकापुढे बायकोने सांगायचं? मेले असते ते शरमेने.

"आत बघावं लागेल," हे म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

तेव्हा मला खरा घाम फुटला. घड्याळ उघडलं की काम झाल्यावर आतल्या लाकडावर पेन्सिलीने नाव-तारीख लिहायची, ही सगळ्या घड्याळवाल्यांची रीत. ह्यांनीही लिहिलं होतं. बॅटरी माझ्याच हातात होती तेव्हा.

"अहो, आधी चहा घ्या. नमिता, तू ठेवून जा, संध्याकाळी ये."

"नको काकी, रिक्षा थांबवलीय."

मशीन बाहेर आलं. "बॅटरी धर," हे म्हणाले. मी उजेड छापावर धरला, तिथून हलूच दिला नाही.

"हां, चांदणीचा छाप. म्हणजे..." कंपनीचं नाव काही येईना. "अगं, एकाच ठिकाणी काय धरलीस? पेटीत धर, आत."

धरली. काय करणार? उजेड सरळ त्या अक्षरांवर पडला. जुंघान्स, बी १४, चौदा दिवसांची चावी, टोले दुरुस्त. सिताराम, वाशी. खाली ऑक्टोबरातली तारीख.

हे किती वेळ वाचत होते कुणास ठाऊक. मग शांतपणे म्हणाले, "जुंघान्स. जर्मन. बी चौदा म्हणजे एकोणीसशे चौदाचं, वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यातलं. एकदा चावी दिली की चौदा दिवस चालणारं मॉडेल."

नमिताने मोबाइलवर लिहून घेतलं, तोवर ह्यांनी मशीन परत पेटीत बसवलं. "मानलं काका," म्हणाली आणि घड्याळ रिक्षात घालून गेली.

हे मान खाली घालून एकेक स्क्रू ड्रायव्हर डबीत ठेवत राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, आठवेल तुम्हाला."

"अजून काय काय विसरलोय मी? सांग. मला कसं कळणार ते?"

मी सांगितलं. चष्म्याचं सांगितलं. गॅस दोनदा चालू राहिला ते सांगितलं. सानपाड्याला उतरून घरचा रस्ता विचारत आले होते, तेही सांगितलं. हे प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवत होते. मग माझा हात धरून म्हणाले, "एवढंच ना?"

त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी, आमची नात सोनम घरी आली होती. ती त्यांच्या गळ्यात पडली, त्यांनी तिचे लाड केले. मग मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "ही पोरगी कोणाची गं?"

"हो," मी ह्यांचा हात न सोडता म्हटलं. "एवढंच."