नवऱ्याला आधी बोलावणारे डॉक्टर नाना

डॉक्टर नानांची आणि माझी ओळख धुळ्याला त्यांच्या दवाखान्यात झाली. तेव्हा मी जत्रांमधून पाळणेवाल्यांबरोबर फिरत होतो. बोदवडला एकदा पाळणा वरच अडकला होता, पण ते राहू द्या. मी फार शिकलेलो नाही. नानांच्या पंच्याहत्तरीनिमित्त जमेल तसं लिहितो, सांभाळून घ्यावं.

शिरपूरजवळच्या आमच्या गावाहून दादा, वहिनी, आई आणि मी असे गेलो होतो. लग्नाला बरीच वर्षं होऊनही दादा-वहिनींना मूल नव्हतं. नाना नेहमी नवऱ्याला आधी आत बोलावतात. तपासणीत दोष दादाचा निघाला. तरी घरात दादासाठी दुसरी मुलगी पाहण्याची बोलणी थांबली नव्हती.

नानांनी गोळ्या लिहून दिल्या, रोजचा व्यायाम सांगितला. म्हणाले, "नुसत्या गोळीनं भागत नाही, नुसत्या पळण्यानंही नाही. तीन महिने दोन्ही करा, मग बघू."

तीन महिन्यांनी फरक शून्य. नानांनी विचारलं, "गोळ्या कोण खातं?"

आई सहज म्हणाली, "सूनच खास ना, नाना. पोर तिलेच व्हई." म्हणजे गोळ्या वहिनीच खात होत्या.

नाना हसले नाहीत. त्या गोळ्यांनी काही त्रास झाला का, हे त्यांनी आधी वहिनींना विचारलं. मग आईकडे वळले. "ताप पोऱ्याले, अन् गोयी सूनले? असं कसं चाली, अक्का?"

दादा मात्र मान खाली घालून बसलेला. अशा माणसाला नाना सकाळी पांझरा नदीच्या काठानं आपल्याबरोबर फिरायला नेतात. समोरासमोर बसून जे निघत नाही, ते शेजारी चालताना निघतं, असा त्यांचा अनुभव. दादाही तिथं बोलला. व्यायामशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून तो ताकदीची इंजेक्शनं घेत होता. नाना जागीच उभे राहिले. "अरे, यानं दंड फुगतात, पण बीज आटतं. आजपासून बंद."

त्याच दिवशी दवाखान्यात आईनं दुसऱ्या मुलीचं हळूच काढलं. नाना म्हणाले, "दुसरी उनी तरी पोऱ्या तोच शे ना, अक्का?" दुसरी आली तरी मुलगा तोच, हे आईला पटलं. वहिनींनी त्या दवाखान्यात पहिल्यांदाच मान वर केली.

आता दादा स्वतः गोळ्या घेतो, रोज पळतो, वजन उतरलंय. तपासणीचा निकाल सुधारला आहे. मूल अजून नाही, आणि नानांनी तशी हमी कधी कुणाला दिलीही नाही. पण मुलगी पाहणं बंद झालं. परवा गावातल्या एका बाईनं वहिनींकडे पाहून "अजून काही नाही का?" विचारलं, तर वहिनींच्या आधी आईच बोलली, "इलाज पोऱ्याना चालू शे."

खानदेशातल्या घराघरांतून आयांच्या तोंडी ‘इलाज मुलाचा चालू आहे’ हे वाक्य इतकं सहज यावं, आणि ते ऐकायला नाना धडधाकट प्रकृतीनं पुष्कळ वर्षं आपल्यात असावेत.