राधाकिशनच्या वायलेटची चोरी

युसूफ वडगाव ह्या गावात बोअरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा राधाकिशन लई गुणी कारागीर. पण त्याच्या दुकानाची पायरी चढायच्या आधी लोक शेजारच्या पानटपरीवर विचारून घ्यायचे, "आज डोकं कसं हाय?" कुणी मोटार कोरडी चालवून जाळली असली, तर राधाकिशन त्याला असा धुवून काढायचा की मोटारीपेक्षा मालकाचंच तोंड काळं दिसायचं.

अशा माणसाच्या बैठकीत, ट्यूबलाइटच्या खाली, फळीवर मखमली पानांची इवली इवली झाडं ओळीनं मांडलेली. आफ्रिकन व्हायलेट. पोरगी योगिता पुण्याला नोकरीला, तिनं एकदा येताना दोन कुंड्या आणलत्या. गावानं त्याचं 'वायलेट' केलं. पानाचा देठ मातीत खोचला की त्याच्या बुडाशी पिल्लं फुटतात, हे कळल्यावर राधाकिशन येडाच झाला. मोटारीच्या कॉइली बांधायची दोरी तो कुंडीच्या बुडातून खालच्या डब्यात सोडायचा, मग झाड लागंल तसं पाणी वर ओढून घ्यायचं. वरून पाणी पडलं की पानाला डाग पडतो. आन् बोअरचं खारं पाणी तर बिलकूल चालत न्हाई, म्हणून जारचं. त्याच्यावरनं त्याचा दोस्त बंकट हॉटेलात चारचौघांत म्हणायचा, "राध्याच्या घरी झाडाला जारचं पाणी आन् बायकूला बोअरचं. जल्म घ्यायचा तर त्याच्या कुंडीत घ्यावा बे!"

फुलांनी त्याचा राग निवला असंल असं कुणाला वाटंल, तर न्हाई. उलट राग करायला आणखी एक जागा झाली. कुणी पानाला बोट लावलं की खेकसायचा. कुणी मागितलं की एकच उत्तर, "कावून? मारायला नेता का?" इतक्या वर्षांत त्यानं गावात एक पान कुणाच्या हातावर ठेवलं न्हाई.

त्यातल्या एका झाडात त्याचा सगळा जीव. साध्या जांभळ्या झाडाच्या पानातनंच ते उगवलं, पण फूल आलं पांढऱ्या काठाचं. जांभळ्या लुगड्याला पांढरी किनार लावावी तसं. कसं झालं, हे त्यालाबी ठाऊक न्हाई. पानांची पाठ लालसर, त्यामुळं ढिगातनंबी ओळखू यायचं. झाड कोवळं म्हणून त्याचं पान तोडून लावायला अजून त्याचा हात धजत नव्हता. संक्रांत सरू द्या, मग लावू, म्हणत होता.

संक्रांतीच्या हप्त्यात बायकोनं, भिवराबाईनं, हळदी-कुंकू केलं. बायांच्या गर्दीत आपलं काय काम, म्हणून राधाकिशन एकाच्या मळ्यात मोटार वर काढायला गेलता. सांजच्याला आला, हातपाय धुतले, फळीकडं पाह्यलं आन् तिथंच थिजला. सगळी झाडं कडंनं खुडलेली. पांढऱ्या काठाच्या झाडाची तर सगळी पानं गेलेली, आन् वढताना कुणीतरी मधला कोंबच मोडलेला. कुंडीत नुसतं बोटाएवढं खोड.

"भिवरे!"

"आवो, वरडू नका. बाया आत्ताच गेल्यात."

"ही काय शेरडं सोडलीती का घरात?"

"न्या म्हणलं न्हाई मी कुणाला."

"मग हात धरायचा न्हाई?"

भिवराबाई ताटं आवरत म्हणाली, "हळदी-कुंकवाला आलेल्या बाईचा हात धरू? आन् मागून नेलेलं रोप लागत न्हाई, चोरूनच न्यावं लागतं. सगळ्या गावाला ठाऊक हाय. मीबी आपली मनीप्लांट तशीच आणली की."

"म्हंजे तू बघत होतीस!"

"तुमी सरळ एकेक पान दिलं असतं तर ही येळ आली असती का?"

राधाकिशननं हातातला तांब्या असा आदळला की शेजारचं कुत्रं भुंकाया लागलं. झाड तर गेलंच होतं. आता त्या लाल पाठीचं एखादं जितं पान कुठं मिळालं तरच ते फूल पुन्हा दिसणार होतं, नाहीतर कायमचं संपलं.

सकाळी दुकान न उघडताच तो घरोघरी निघाला. पहिलं घर साखराबाईचं.

"साखराकाकू, पान काढा."

"कसलं पान रं बाबा? विड्याचं?"

अंगणात भर उन्हात डालड्याच्या डब्यात एक केसाळ पान खोचलेलं.

"हे काय?"

"ते व्हय? ओव्याचं हाय."

"ओव्याला वास येतो. हुंगून दावा."

"मला सर्दी झाली," म्हातारी म्हणाली आन् पदर नाकाला लावून आत गेली. चोरी कबूल केली की रोप जळतं, हेबी गावाला ठाऊक. त्यामुळं प्रत्येक घरात हेच. एकीनं देवापुढं ठेवलेलं, एकीचं शेरडानं खाल्लेलं, एकीनं तर फ्रिजात भाजीच्या कप्प्यात टाकलेलं. सापडली ती सगळी साध्या जांभळ्याची. लाल पाठीचं पहिलं पान सापडलं ते बंकटच्या घरी. लवकर फुटावं म्हणून त्याच्या बायकोनं काळ्या मातीत युरिया घालून वर तांब्याभर पाणी वतलेलं. पान शिजलेल्या पालकावाणी लोळत होतं.

बंकट दात काढत म्हणाला, "बघ राध्या, आमी खताला मागं सरलो न्हाई."

राधाकिशननं त्याची कॉलरच धरली. "खत? बेइमाना, बाळंतिणीला जिलबी चारतो का तू?"

"सोड बे! मेलेल्या पानापायी मित्राचा गळा धरतो का?"

"मित्र म्हणूनच नुसता गळा धरला!"

बायांनी दोघांना सोडवलं. तेवढ्यात कोणतरी म्हणालं, पुढाऱ्याची सून वर्षाराणीबी आलती की काल. राधाकिशन तसाच गेला. मोठं फाटक, वसरीत खुर्च्यांची रांग, पण घरात पुरुषमाणूस न्हवतं. वसरीच्या खिडकीत, उन्हाच्या आडोशाला, प्लास्टिकच्या कपात एक पान उभं होतं. वरनं पन्नी घातलेली. पाठ लाल. ताठ.

"सूनबाई, ते पान माझं हाय."

"कोणतं, मामा?"

"आता तूबी ओवा म्हणू नको! माझ्या झाडाचा कोंब मोडलाय तुमी. झाड मेलं. आख्ख्या गावात हे एक जितं राह्यलंय."

वर्षाराणीचं तोंड उतरलं. "कोंब मी न्हाई मोडला. मी कडंचं घेतलं, नखानं. मोबाईलवर बघून."

"उपकार केले. आण इकडं."

ती जागची हलली न्हाई. "मामा, मी तुमच्या दुकानात येऊन पान मागितलतं. तुमी काय म्हणलात? पुढाऱ्याच्या घरी फुकटचं लई येतंय, आणखी हे कशाला. सगळी माणसं हसली."

"म्हणलो. आताबी म्हणतो."

"मग मीबी हातानं देत न्हाई. हातानं दिलेलं लागतबी न्हाई." तिनं पदर सावरला. "चहा ठेवते," म्हणली आन् पाठ करून आत गेली.

राधाकिशनच्या डोस्क्यात जाळ झाला. सकाळपासनं ज्या बायांना चोर म्हणत त्यानं गाव डोक्यावर घेतलं, त्यांच्याच रांगेत ही पोरगी त्याला उभं करत होती. त्याचंच पान, आन् त्यानंच चोरायचं! तो फाटकापर्यंत गेला. तिथनं माघारी आला. इकडं-तिकडं पाह्यलं, पन्नी काढली, पान उपसलं. तारेवरचं वार्निश खरडायची पत्ती खिशात होती, तिनं त्यानं पान आडवं कापलं. वरचं अर्धं पान लावलं तरी फुटतं, हे त्यानं करून पाह्यलेलं. ते त्यानं ओल्या रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवलं. देठाचं अर्धं हातात घेऊन तो घडीभर चडफडत उभा राह्यला. दोन्ही एकाच घरात ठेवली आन् भिवरेनं पुन्हा हळदी-कुंकू केलं तर? त्यानं ते परत कपात खोचलं. बोट बुडापर्यंत ओलं झालं.

"माती केवढी वली केलीस गं! कुजून जाईल हे!" तो वरडला.

"कोण हाय बाहेर?" आतून वर्षाराणी म्हणाली. "मला तर कुणी दिसंना बाई."

"आता चार रोज पाण्याचा थेंब घातलास तर याद राख!" त्यानं पन्नी ठीक केली आन् चहा न घेताच, छातीवरचा खिसा धरून, फाटक आदळत बाहेर पडला.